लाव्हाचे थर आणि मधली शांतता

असोद्याच्या शिवारातील काळी माती आपण रोज पाहतो. तिचे मूळ मात्र अग्नीत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या व त्यांतून लाव्हारस वाहिला. थरांवर थर साचून बेसाल्ट खडक बनला. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. त्याच्याच झिजेतून आपली कापसाची माती आली.

हे उद्रेक अखंड चालले नाहीत. एक प्रवाह थिजल्यावर दीर्घ शांतता येई. त्या काळात खडक झिजून तांबडी माती होई, तळी साचत, झाडे उगवत. पुढचा प्रवाह त्यांना गाडून टाकी. घाटांतील कड्यांत काळ्या थरांमध्ये दिसणारा तांबडा पट्टा ही त्या शांततेची नोंद होय.

म्हणून शांत ज्वालामुखी मृतच असतो, असे समजू नये. अंदमानातील बॅरन बेट सुमारे दीड शतक निद्रिस्त राहून १९९१ मध्ये जागे झाले. कारण आत टिकून असले, की कार्य पुन्हा घडते. त्यात दैवी कोप नाही. दख्खनचा अग्नी मात्र विझून कोट्यवधी वर्षे लोटली.

त्याच्याच खडकात भिक्खुसंघासाठी अजिंठ्याची लेणी कोरली गेली. तीही शतकानुशतके विस्मृतीत राहून १८१९ मध्ये जगासमोर आली. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि या भूमीतील दीर्घ मौन संपले. ज्वालामुखी आपोआप जागतो. समाजाला शिक्षणाने जागावे लागते. आमच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्यास गेल्यावर चित्रांसोबत तो खडकही वाचावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.