जिल्हा परिषदेची शाळा आणि संगणक शिक्षण

आजचे युग हे संगणकाचे युग आहे, हे वाक्य आपण गेली तीस-पस्तीस वर्षे प्रत्येक स्नेहसंमेलनात ऐकत आलो आहोत. वाक्य खरे आहे. परंतु ते कोणासाठी खरे आहे, हा विचार फारसा होत नाही. ज्या मुलाच्या घरी संगणक आहे आणि ज्याच्या खाजगी शाळेतही तो आहे, त्याच्यासाठी हे युग केव्हाच सुरू झाले. पैठण रस्त्यावरील कारखान्यात कंत्राटी पद्धतीने राबणाऱ्या कामगाराच्या मुलासाठी किंवा शेतमजुराच्या मुलीसाठी मात्र ते शाळेच्या दारातूनच येऊ शकते, दुसरा रस्ता नाही. म्हणूनच सरकारी शाळेतील संगणक हा हौसेचा विषय नसून हक्काचा विषय आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. या लेखात त्याचा थोडक्यात इतिहास, आजची स्थिती आणि आपले कर्तव्य यांचा विचार करावयाचा आहे.

१) शाळेत संगणक आला कसा?

भारतातील शाळांमध्ये संगणक आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या प्रकल्पाद्वारे झाला. सुरुवातीला देशातील सुमारे अडीचशे शाळा निवडण्यात आल्या. त्यांना बीबीसी मायक्रो नावाचे ब्रिटिश बनावटीचे संगणक देण्यात आले. ब्रिटनमध्ये बीबीसी या प्रसारण संस्थेने सामान्य जनतेला संगणक समजावा म्हणून दूरदर्शनवर मालिका दाखवली आणि तिच्या जोडीला हे यंत्र १९८१ च्या अखेरीस बाजारात आणले. त्याच्या ‘बी’ प्रकाराची स्मरणशक्ती अवघी ३२ किलोबाइट होती. आज मोबाइलवर येणारा एक साधा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. यंत्र लहान होते, पण कल्पना मोठी होती.

आपल्याकडे मात्र अडचण वेगळीच निघाली. यंत्रे इंग्रजीत, कार्यक्रम विलायतेतले, दुरुस्तीची सोय दूर आणि शिक्षकांचे प्रशिक्षण तुटपुंजे. त्यातून अनेक ठिकाणी संगणकाची खोली म्हणजे कुलूपबंद खोली, असे समीकरण झाले. चपला बाहेर काढून दर्शन घ्यावे तसे मुलांनी रांगेने जाऊन यंत्र पाहायचे आणि परत यायचे. हात लावायचा नाही, बिघडेल!

पुढे डिसेंबर २००४ मध्ये केंद्र सरकारने ‘आयसीटी ॲट स्कूल’ ही योजना आणली. सरकारी व अनुदानित माध्यमिक शाळांमध्ये संगणक कक्ष उभारणे हा तिचा गाभा होता. महाराष्ट्रात ५००, २५०० आणि ५००० अशा तीन टप्प्यांत एकूण आठ हजार शाळा तिच्यात घेण्यात आल्या. खाजगी कंपनीने संगणक बसवायचे, कंत्राटी शिक्षक नेमायचा, पाच वर्षे चालवायचे आणि मग सर्व साहित्य शाळेच्या हवाली करायचे, अशी पद्धत होती. पाच वर्षे संपली की कंत्राट संपले आणि कंत्राटाबरोबर शिकवणाराही गेला. जुनी झालेली यंत्रे तेवढी शाळेत राहिली. वर्ग आहे, फळा आहे, पण गुरुजी नाहीत, अशा शाळेसारखीच ही स्थिती होय.

२) दोन-तीन बोलकी उदाहरणे

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात खैराट नावाचे एक छोटे गाव आहे. तेथील एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग झाला. वीस-बावीस मुले, चार इयत्ता, एक शिक्षक आणि प्रत्येकाच्या हातात हिरव्या-पांढऱ्या रंगाचा लॅपटॉप. मुले ते घरीही नेत. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही कल्पना २००६ मध्येच नाकारली होती, त्यामुळे पुढे देशव्यापी योजना झाली नाही. तिकडे दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या चिमुकल्या देशाने मात्र २००७ मध्ये सुरुवात करून २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला. इतकेच नव्हे, तर दुरुस्ती, इंटरनेट जोडणी व शिक्षकांचे प्रशिक्षण पाहणारी कायमची यंत्रणाही उभी केली. दोन्हींकडे यंत्र एकच होते. फरक पडला तो मागच्या व्यवस्थेमुळे.

दुसरे उदाहरण ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा या जिल्हा परिषद शाळेचे. तेथील शिक्षक संदीप गुंड यांनी लोकसहभागातून शाळा ‘डिजिटल’ केली व इतर शिक्षकांनाही ते काम शिकवले. तिसरे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे. जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली. पुढे राज्याच्या व नंतर एनसीईआरटीच्याही पुस्तकांत ती पद्धत आली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली.

केरळ राज्याचा धडाही महत्त्वाचा आहे. तेथे २००१ पासून बाहेरच्या कंत्राटी माणसाऐवजी शाळेतल्याच शिक्षकांना संगणकाचे प्रशिक्षण देण्यात आले, मोफत सॉफ्टवेअर वापरले गेले आणि हा विषय दहावीच्या परीक्षेपर्यंत नेला गेला. म्हणजे ज्ञान शाळेच्या आतच मुरले. कंत्राट संपल्याने ते निघून जाण्याची भीती राहिली नाही.

३) बँक आणि शाळा : एक तुलना

मी बँकेत लिपिक आहे. बँकेतही संगणक सहजासहजी आला नाही. नोकऱ्या जातील या भीतीने कर्मचारी संघटनांचा विरोध होता. १९८३ मध्ये बँकांचा संघ व कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला, डॉ. सी. रंगराजन समितीने मार्ग आखून दिला आणि मग टप्प्याटप्प्याने यंत्रे आली. आज सर्व व्यवहार एका मध्यवर्ती संगणकाशी जोडलेले आहेत. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बँकेत यंत्राबरोबर तीन गोष्टी येतात : ते वापरणाऱ्याचे प्रशिक्षण, देखभालीचा वार्षिक करार आणि वीज गेल्यास बॅटरीची सोय. यातली एकही गोष्ट नसेल तर शाखेचे काम ठप्प होते, आणि ग्राहक काउंटरवर बोलू लागतात.

शाळेत संगणक बंद पडला तर कोणीही बोलत नाही. दुरुस्तीला पैसा नाही, वीजबिल थकले तर जोडणी तोडली जाते, प्रिंटरची शाई संपली की ती संपलेलीच राहते. बँकेचे नुकसान त्याच दिवशी आकड्यात दिसते. मुलाचे नुकसान दहा वर्षांनी दिसते आणि तेव्हा त्याचा दोष त्याच्याच बुद्धीवर ढकलला जातो. ही खरी अन्यायाची जागा आहे.

केंद्राच्या यूडायस अहवालानुसार २०२४-२५ मध्ये देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणकाची व ६३.५ टक्के शाळांत इंटरनेटची सोय होती. प्रगती निश्चितच आहे. पण दर तीन शाळांपैकी एक अजून बाहेर आहे, आणि जेथे सोय आहे तेथेही मुलाचा हात आठवड्यातून किती वेळा कळफलकावर पडतो, हे या आकड्यावरून कळत नाही.

४) संगणक न येण्याची किंमत

पूर्वी ज्याला अक्षरओळख नसे त्याला सावकाराच्या कागदावर अंगठा उठवावा लागे, आणि कागदात काय लिहिले आहे हे सावकारच सांगे. आज शिकलेला मुलगासुद्धा नेट कॅफेवाल्यासमोर तसाच उभा असतो. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावी लागते. अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून सर्व राज्यात ऑनलाइन झाला आहे. भरती परीक्षा, जातवैधता, उत्पन्नाचा दाखला, सर्व काही पडद्यावर. अर्ज दुसऱ्याने भरला, पासवर्ड त्याच्याच वहीत राहिला, मोबाइल क्रमांकही त्याचाच टाकला गेला, तर पुढे चूक सुधारणे अशक्य होऊन बसते.

काउंटरवर एक तक्रार नेहमी येते : “साहेब, शिष्यवृत्ती मंजूर दिसते, पण खात्यात पैसे नाहीत.” बहुतेक वेळा कारण साधे असते. आधारवर आधारित रक्कम ही ज्या बँक खात्याला आधार सर्वांत शेवटी जोडलेला असतो त्या खात्यात जाते. मुलाने पासबुक एका बँकेचे दाखवलेले असते आणि आधार जोडलेला असतो दुसऱ्याच बँकेला, कधीकाळी गावात लागलेल्या शिबिरात उघडलेल्या खात्याला. ही माहिती दहावीच्या वर्गात एका तासात शिकवता येते. ती न मिळाल्यामुळे मुले फी थकल्याचे ऐकून घेतात, काही तर कॉलेजच सोडतात. संगणक शिक्षण म्हणजे केवळ मोठमोठे प्रोग्राम लिहिणे नव्हे. आपला अर्ज आपल्या हाताने भरता येणे, ही त्याची पहिली इयत्ता आहे.

आपल्या परिसरापुरते बोलायचे तर चितेगावच्या व्हिडिओकॉन कारखान्यात रंगीत टीव्ही तयार होत असत, अनेक घरांच्या चुली त्यावर पेटल्या. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आता बिडकीनला ऑरिकची नवी औद्योगिक वसाहत उभी राहत आहे. कारखाने येतात आणि जातात. नव्या कारखान्यात यंत्रासमोर बसण्यासाठी आपला मुलगा घेतला जाणार, की फाटकावर पहारा करण्यासाठी, हे आजची शाळा ठरवणार आहे.

५) मोबाइल म्हणजे शिक्षण नव्हे

काही पालक म्हणतील, आता घरोघरी मोबाइल आहे, मग शाळेत संगणक कशाला? मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने शाळा बंद झाल्या तेव्हा याचा अनुभव आला. एका घरात एक फोन, तो वडिलांबरोबर कामावर. त्या काळात दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ मालिका अनेक घरांना अधिक उपयोगी पडली, कारण तिला रिचार्ज लागत नव्हता.

ग्रामीण भारतातील ‘असर’ २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येत असल्याचे सांगितले. मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी मुले ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. त्याच पाहणीत सरकारी शाळेतील पाचवीच्या १०० मुलांपैकी सुमारे ४५ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्या हातातील फोन हे फक्त करमणुकीचे खेळणे ठरते. म्हणून आधी वाचन, त्याच्या जोडीने संगणक, असा क्रम हवा. पुस्तकाची जागा यंत्राने घ्यावी असे कोणीही समजू नये.

६) आपण काय करावे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना, शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आले पाहिजे व खालच्या थरातील लोकांसाठी ते शक्य तितके स्वस्त झाले पाहिजे, अशी मागणी केली होती. शाळेतील संगणकाचा प्रश्न त्याच मागणीचा पुढचा भाग आहे. त्यासाठी पुढील गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली गोष्ट, शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. समितीच्या बैठकीला जावे आणि तीनच प्रश्न विचारावेत : किती संगणक चालू आहेत? आठवड्याला प्रत्येक वर्गाला किती तास मिळतात? शिकवतो कोण? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.

दुसरी गोष्ट, वीजबिल व दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीकडे ग्रामसभेत ठराव मांडावा. कमानीला जितकी वर्गणी जमते तिचा लहानसा भाग शाळेच्या बॅटरीसाठीही जमू शकतो.

तिसरी गोष्ट, संस्थेच्या अभ्यासिकेत दोन संगणक व एक प्रिंटर ठेवून शिष्यवृत्तीच्या काळात समाजातील नोकरदारांनी पाळीपाळीने बसावे. अर्ज आपण भरून देऊ नये, विद्यार्थ्याकडून भरून घ्यावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही दहावीपूर्वी पाच गोष्टी शिकून घ्या : मराठी टंकलेखन, स्वतःचा ई-मेल व पासवर्ड सांभाळणे, कागदपत्र स्कॅन करून योग्य आकारात जोडणे, तक्त्यात हिशेब मांडणे आणि मिळालेली माहिती खरी की खोटी हे तपासणे. मराठी टंकनासाठी इनस्क्रिप्ट पद्धत शिका. डाव्या हाताला स्वर व मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने अशी तिची मांडणी असून महिनाभराच्या सरावाने ती येते. ओटीपी कोणालाही सांगू नका, मदत करणाऱ्यालाही नाही. आणि मुलींना विशेष सांगणे आहे की, वर्गात एका संगणकापुढे चौघे असतील तर मागे उभ्या राहू नका. कळफलक मागून घ्या.

यंत्र कोणाची जात विचारत नाही, असे म्हणतात. ते खरे आहे, परंतु यंत्रापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर माणसेच उभी असतात. ती वाट गावच्या शाळेतून जाते. ती मोकळी ठेवणे हे सरकारचे काम आहेच, आणि सरकार ते करते की नाही हे पाहणे आपले काम आहे.