पोस्टर करताय? आधी हे वाचा!

मित्रांनो, गॅदरिंगचं पोस्टर म्हटलं की आपण नेटवरून चार फोटो उचलतो आणि एकमेकांना चिकटवतो. मीही तेच केलं होतं. स्क्रीनवर झकास दिसणारं पोस्टर छापून आलं, तर प्रमुख पाहुण्यांच्या चेहऱ्याचे नुसते चौकोन! कारण साधं होतं. फोटो ६४० पिक्सेल रुंद आणि ए-३ कागद ११.७ इंच रुंद. म्हणजे इंचाला जेमतेम ५५ पिक्सेल. चांगल्या छपाईला साधारण ३०० लागतात.

म्हणून फोटोशॉपमध्ये नवी फाइल उघडतानाच ए-३ साठी ३५०८ × ४९६१ पिक्सेल घ्या. फोटोही मोठेच निवडा. लहान फोटो ताणला म्हणून त्यात नवा तपशील येत नाही.

आता प्रत्येक फोटो वेगळ्या लेयरवर ठेवा. नको असलेला भाग इरेझरने खोडू नका, लेयर मास्क लावा. मास्कवर काळा ब्रश फिरवला की भाग लपतो, पांढरा फिरवला की परत येतो. मूळ फोटो शाबूत! दोन फोटो एकमेकांत विरघळवायचे असतील तर मास्कवर काळा-पांढरा ग्रेडियंट ओढा.

उजेडाची दिशाही जुळवा. एकाची सावली डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे पडली की जोडकाम लगेच उघडं पडतं.

शेवटी पीएसडी फाइल जपून ठेवा. जेपीईजीत सगळे लेयर एक होतात, आणि कार्यक्रमाची तारीख ऐनवेळी बदलतेच!

फोटोशॉप नसेल तर गिंप फुकट मिळतं. लेयर, मास्क त्यातही आहेत. सॉफ्टवेअर कुठलंही असो, आधी गणित, मग सजावट. शेवटी आपण इंजिनिअर ना!