वासाचा माग कसा काढावा?

बालमित्रांनो, घरात घाण वास सुटला की आपण काय करतो? कोणी नाकाला पदर लावतो, कोणी उदबत्ती लावतो, कोणी फिनेल ओततो. घटकाभर बरं वाटतं. मग पुन्हा वास येतोच. कारण वास हा एक निरोप असतो. कुठेतरी काहीतरी कुजतंय, तुंबलंय किंवा गळतंय, असं तो सांगत असतो. उदबत्तीने निरोप झाकला जातो, पण काम तसेच राहते. म्हणून वास झाकायचा नाही, हुडकायचा. तो कसा, ते या पाठात पाहू.

नाक लवकर थकते

घरात बसलेल्या माणसाला थोड्या वेळाने वास जाणवेनासा होतो. दारातून आलेला पाहुणा मात्र लगेच विचारतो, "कसला वास येतोय ओ?" पाहुण्याचे नाक काही जास्त तिखट नसते. एकच वास सतत आला की आपले नाक त्याला सरावते. वास गेला नाही, फक्त आपल्याला कळेनासा झाला. म्हणून शोध घेताना अधूनमधून अंगणात जावे, मोकळी हवा घ्यावी आणि पुन्हा आत यावे. पहिल्या चार श्वासांत जे कळेल तेच खरे.

आधी एक प्रश्न : हा गॅसचा वास आहे का?

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच! गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. यामागे एक दुःखद हकिकत आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाच्या गावी १८ मार्च १९३७ रोजी एका शाळेच्या तळघरात नैसर्गिक वायू साचला. त्याला वास नव्हता, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही. ठिणगी पडली आणि स्फोटात सुमारे ३०० माणसे गेली. त्यात बहुतेक शाळेची मुले होती. त्यानंतर तेथे गॅसला वास देण्याचा कायदा झाला.

आपला सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत पसरतो. तो वास आला तर दिव्याचे बटण लावू नका आणि बंदही करू नका, कारण बटणात ठिणगी उडते. काडी ओढू नका. बाहेर पळा आणि मोठ्यांना सांगा. मोठ्यांनी जमल्यास रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. जळक्या वायरीचा वास आला तरी पोरांनी हात लावू नये. मोठ्यांनी मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावे.

आता शोध

१. वास कधी येतो ते पाहा. सकाळी, दुपारी ऊन तापल्यावर, की पाऊस पडल्यावर?

२. कुठे येतो ते पाहा. एकेका खोलीचे दार थोडा वेळ लावून ठेवा, मग उघडून वास घ्या. ज्या खोलीत वास दाटतो, तेथे शोधा.

३. जमिनीजवळ जास्त येतो की माळ्याकडे?

४. नाकाच्या जोडीला डोळे वापरा. मुंग्यांची रांग, घोंगावणाऱ्या माश्या, भिंतीवरचा ओला डाग, या सगळ्या खुणाच आहेत.

५. एका वेळी एकच गोष्ट बदला. पोतेही हलवले, मोरीही धुतली आणि वास गेला, तर तो कशामुळे गेला हे कसे कळणार?

वास कसा, त्यावरून कारण

*कुबट वास :* ही बुरशी. आपल्या पाटणला पावसाळ्यात उघडीप कमी. कौल सरकले की पाणी भिंतीत मुरते. वाकळा, गोणपाट, न वाळलेले कपडे कुबटतात. आधी कौल नीट करावे, मग उघडीप मिळताच सारे उन्हात घालावे.

*कांद्या-बटाट्याचा सडका वास :* वरचा माल चांगला दिसतो, खाली एकच नासलेला असतो. पोते पुरते रिकामे करून निवडावे. सुके बोंबील दमट झाले तरी वास सुटतो, त्यांना घट्ट झाकणाचा डबा हवा.

*मेलेल्या उंदराचा वास :* तो दिवसेंदिवस वाढत जातो, दुपारी जोर धरतो आणि पुढे हळूहळू कमी होतो. मोठ्या हिरव्या-निळ्या माश्या जिथे जमतात तिथेच पाहावे : माळा, कणगीच्या मागे, कपाटाखाली. औषध घालून मारलेला उंदीर कुठेतरी बिळात जाऊन मरतो. पिंजरा लावला तर हा त्रास होत नाही. मेलेला उंदीर मोठ्यांनी उघड्या हाताने न धरता उचलावा, खोल पुरावा आणि हात साबणाने धुवावेत.

*सडक्या अंड्याचा वास :* हा हायड्रोजन सल्फाइड वायू. मोरी, गटार, संडासची टाकी येथे घाण हवेशिवाय कुजते, तेव्हा तो तयार होतो. यात मोठा धोका आहे. हा वायू फार वाढला की नाकच बधिर होते आणि वास येणे थांबते. माणसाला वाटते, धोका टळला! म्हणून गोबर गॅसच्या किंवा संडासच्या टाकीत कोणी कधीही उतरू नये. आत कोणी पडला तरी मागोमाग उडी घेऊ नये. ओरडून माणसे गोळा करावीत.

बंद घराचे कोडे

आपल्या तालुक्यातील किती तरी मंडळी नोकरीधंद्याला मुंबईत असतात. जत्रेला येऊन ती घर बंद करतात, ते गणपतीला उघडतात. घरात अन्नाचा कण नाही, उंदीर नाही, तरी मोरीतून दर्प येतो. असे का?

मोरीच्या तोंडाखाली वाकडी वाटी असते. गवंडी तिला न्हाणी ट्रॅप म्हणतात. तिच्यात नेहमी थोडे पाणी राहते. ते पाणी म्हणजे जणू बूच. पलीकडची घाण हवा ते आत येऊ देत नाही. वैशाखाच्या उन्हाने ते पाणी सुकते आणि वाट मोकळी होते. उपाय? एक बादली पाणी ओतणे! घर बंद करताना वरून चमचाभर गोडेतेल सोडले तर पाणी लवकर सुकत नाही. संडासच्या भांड्यातही हीच युक्ती असते. वाकड्या नळीत पाणी अडवण्याच्या या युक्तीचे पेटंट १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने घेतले.

लंडनची फजिती

पुढे १८५८ च्या उन्हाळ्यात त्याच लंडनमध्ये थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की काठावरच्या पार्लमेंटमध्ये बसवेना. तेव्हा खिडक्यांचे पडदे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवून लावले. आपल्या विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर म्हणजे हीच. पण वास काही हटला नाही. कारण सगळ्या शहराची घाण नदीत जात होती. शेवटी पार्लमेंटने कायदा केला आणि जोसेफ बाझलगेट या इंजिनिअरने जमिनीखालून मोठी गटारे बांधली. पडद्यांनी जे झाले नाही ते गटारांनी झाले.

आपल्या परसात

आपल्याकडे मोरीचे पाणी घरामागे तुंबते. तेथेच वास आणि डास. राज्यात २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा सांगली जिल्ह्यातील आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री होते. त्या अभियानात शोषखड्डे गावोगाव झाले. विहिरीपासून दूर, सुमारे एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. तळाला मोठे दगड, वर लहान दगड घालावेत. तोंडाशी भोके पाडलेल्या मडक्यात नारळाच्या शेंड्या ठेवाव्यात. गाळ त्यात अडतो, पाणी जमिनीत मुरते. शेंड्या मात्र वरचेवर बदलाव्यात.

पालकांना एक विनंती : संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

सांगा पाहू!

१. पाहुण्याला आलेला वास घरच्यांना का येत नाही?

२. वास अचानक येईनासा झाला म्हणजे धोका टळला, असे का म्हणू नये?

३. आज घरी जाऊन मोरीचे पाणी कुठे जाते ते पाहा. त्याचे चित्र काढून उद्या वर्गात आणा.