बंद घड्याळानं घेतलेला तास



घरात आजोबांचं चावीचं घड्याळ कित्येक वर्षं बंद होतं. "सेलची मशीन बसवून टाक," असं सगळे म्हणायचे. मी ते पिशवीत घातलं, परवानगी काढली आणि चौथीतली पाच लेकरं घेऊन लातूरच्या गंजगोलाईजवळ जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले.

काकांनी डोळ्याला भिंग लावलं, मागची बाजू उघडली. "मोडलं नाही बाई. तेल वाळून धूळ बसलीय. मशीन बदलली तर आजोबांचं नुसतं लाकूड राहील."

मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून विचारलं, "किती वाजले रे?" एकानं मोबाईलमध्ये बघून सांगितलं, "दहा पंचेचाळीस." "म्हणजे पावणे किती?" पाचही लेकरं गप्प! मीच ओशाळले. सव्वा, साडे, पावणे मी पाठ करून घेतले होते, पण दाखवले नव्हते. आकड्यांत 'पावणे' दिसतच नाही. तबकडीवर मात्र अकराला पाव तास उरलेला डोळ्यांना दिसतो.

त्या दिवसावरून केलेले हे उपक्रम तुम्हीही करून बघा:

१. टोल्यांची बेरीज: तासाला तितकेच टोले पडले तर १ ते १२ मिळून ७८, दिवसरात्रीचे १५६. अर्ध्या तासाला एकेक धरला तर १८०.

२. दोरा आणि दगड: टांगलेल्या टोकापासून दगडाच्या मध्यापर्यंत २५ सेंमी अंतर ठेवून हलका झोका द्या. जाऊन परत यायला साधारण १ सेकंद लागतो. १ मीटर ठेवलं तर २ सेकंद. जड दगड बांधला तरी वेळ तेवढाच! याच गुणाचा उपयोग करून ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ तयार केलं.

३. विचार करा: आपल्याकडच्या उन्हाळ्यात घड्याळ मागे का पडतं? धातूची दांडी तापून किंचित लांबते, झोका सावकाश होतो. म्हणून लंबकाखालचा नट फिरवून गोळा थोडा वर घ्यायचा.

दुकान छोटं असतं, म्हणून पाच-सहाच मुलं न्या. गिऱ्हाईक नसेल अशी वेळ आधी विचारून घ्या.

सुट्टीत हैदराबादला गेलात तर सालारजंग संग्रहालय चुकवू नका. आपला मराठवाडा ज्या संस्थानात होता, तिथल्या तिसऱ्या सालारजंगांच्या संग्रहातलं घड्याळ तिथं आहे. दर तासाला एक छोटा पुतळा बाहेर येऊन टोले देतो. बाराचे टोले ऐकायला तर गर्दी जमते.

आजोबांचं घड्याळ आता वर्गात आहे. दर सोमवारी एक जण चावी देतो. परवा त्यातलंच एक लेकरू म्हणालं, "बाई, पावणेपाच झाले, आवरा!"

पालकहो, माळ्यावर असं घड्याळ असेल तर भंगारात देण्याआधी एकदा लेकरांसमोर उघडून घ्या.