ओला केस वळतो कसा आणि वाळतो कसा

आपल्या वाशीम नगरीचे प्राचीन नाव वत्सगुल्म होय आणि वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होती, हे वरच्या वर्गांतील बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. परंतु या नगरीचा ओल्या केसांशी एक जुना वाङ्मयीन संबंध आहे, तो सहसा कोणाला ठाऊक नसतो. इसवी सन ९०० च्या सुमारास राजशेखर कवीने ‘कर्पूरमंजरी’ नावाचे एक प्राकृत नाटक रचिले. त्यात एक मांत्रिक राजाला हवा तो चमत्कार दाखविण्याचे मान्य करितो. तेव्हा विदूषक सुचवितो की, दक्षिणेत वच्छोम, म्हणजे वत्सगुल्म, नावाचे नगर आहे. तेथे मी एक कन्यारत्न पाहिले आहे, ते येथे आणावे. मांत्रिक आपल्या योगबळाने तिला तत्क्षणी आणितो. पण ती बिचारी त्या वेळी स्नान करीत असल्यामुळे तशीच येते. काजळ धुऊन गेलेले, बटा मुखाला चिकटलेल्या, आणि हातात धरलेल्या केसांतून पाण्याचे थेंब लोंबत आहेत. राजाचे सारे लक्ष त्या शोभेकडे. मी शास्त्राची शिक्षिका पडले. तो प्रवेश वाचताना मला दर वेळी एकच प्रश्न पडतो की, हे केस आता वाळवावयाचे कसे?

हा प्रश्न थट्टेचा वाटेल. दोन वर्षांपूर्वीच्या नाताळच्या संमेलनापर्यंत मलाही तो थट्टेचाच वाटत असे. त्या सायंकाळी देवदूतांच्या भूमिका करणाऱ्या आठ मुलींचे केस कुरळे करावयाचे होते. केस ओले करून रोलरवर गुंडाळण्यास आम्ही फार उशिरा आरंभ केला. पडदा उघडण्यास तासभर उरला तरी गुंडाळ्या ओल्याच. “लवकर वाळवा, काहीही करा,” असे मी म्हटले. हे शब्द माझे होते, दुसऱ्या कोणाचे नव्हते. एका मुलीने घरून आणलेला विजेचा तापता चिमटा त्या ओल्या केसांवर धरिला. चुर्र असा आवाज झाला, जळक्या पिसासारखा वास आला, आणि कपाळाजवळची एक जाड बट चिमट्यातच राहिली. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, “बाई, केस परत येतील ना?”

येतील, असे मी सांगितले, आणि ते खरेही होते. पण केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. कमरेपर्यंत पोहोचणाऱ्या वेणीला पाच वर्षे लागतात. टाळूच्या वर आलेला केस हा निर्जीव असतो. तो जळाला की औषधाने बरा होत नाही, खालून नवा यावा लागतो. त्या दिवसापासून मी या विषयाचा अभ्यास केला. त्यातील काही भाग येथे देत आहे. मुलग्यांनी हा मुलींचा लेख म्हणून पान उलटू नये. पावसाळ्यात गणवेश का वाळत नाही याचे उत्तरही यातच आहे.

प्रथम केस वळतो कसा ते पाहू. नख, शिंग आणि लोकर ज्या प्रथिनाची बनलेली असतात त्याच केराटिन नामक प्रथिनाचा केस बनलेला असतो. या प्रथिनाच्या लांब साखळ्या केसात एकमेकींना बांधलेल्या असतात, आणि त्यांची बंधने मुख्यत्वे दोन प्रकारची. एक गंधकाच्या अणूंची. ती बळकट असून नुसत्या पाण्याला दाद देत नाहीत. दुसरी हायड्रोजनची, ती एकेकटी दुबळी, पण संख्येने अगणित. पाणी केसात शिरले की हायड्रोजनची बंधने सुटतात, केस मऊ पडतो आणि देऊ तो आकार घेतो. पाणी निघून गेले की तीच बंधने नव्या जागी पुन्हा जुळतात, आणि केस ज्या आकारात असेल त्या आकारात राहतो. बुरूड टोपली विणण्यापूर्वी बांबूच्या कामट्या भिजत घालितो हे तुम्ही पाहिले असेल. कोरडी कामटी वाकविली तर तडकते. भिजलेली वळते, आणि वाळल्यावर तो बाक सोडीत नाही. रोलरवर गुंडाळलेल्या बटेची गोष्ट फारशी निराळी नाही.

यावरून एक गोष्ट निघते, व माझ्या मते या साऱ्या विषयात तीच महत्त्वाची आहे. केसाला वळण देते ते पाण्याचे जाणे, उष्णता नव्हे. चिमटा किंवा गरम वाऱ्याचे यंत्र हे काम लवकर उरकते, इतकेच. ज्याच्यापाशी वेळ आहे त्याला त्याची गरज नाही. इंग्लंडात लीड्स येथे विल्यम ॲस्टबरी यांनी १९३० नंतरच्या दशकात क्ष-किरणांनी लोकर व केस यांची अंतर्रचना तपासली. ओला केस ताणला असता आतील साखळ्यांची घडी उलगडते आणि सोडल्यावर ती पुन्हा पडते, असे त्यांना आढळले. सलूनमध्ये जे ‘पर्म’ करितात त्यात रसायनांनी गंधकाची बंधनेच तोडून पुन्हा जोडितात. तो मार्ग वेगळा, व शाळेच्या वयात माझ्या मते नकोच.

केस पाणी किती पितो? आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के पाणी तो आत घेऊ शकतो. त्यामुळे तो जाडीने चौदा-पंधरा टक्के फुगतो, पण लांबीने मात्र एक-दोन टक्केच वाढतो. जिनीव्हाच्या सोस्यूर नामक शास्त्रज्ञाने याच लांबीचा उपयोग करून मनुष्याच्या केसाचे आर्द्रतामापक यंत्र बनविले, आणि १७८३ साली त्याविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. हवा दमट झाली की केस किंचित लांबतो, कोरडी झाली की आखडतो, व त्याला जोडलेला काटा फिरतो. या तत्त्वावरची यंत्रे पुढे दीर्घकाळ हवामानाच्या निरीक्षणगृहांत वापरात होती. तेव्हा पावसाळ्याच्या सकाळी ज्या मुलीचे केस उगाच फुगून विसकटतात तिने आरशावर रागावू नये. तिचे डोके हवामान सांगत असते.

आता वाळण्याकडे वळू. पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते. साध्या तपमानाला एका ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी. म्हणून ‘उष्णतेवाचून वाळविणे’ हा शब्दप्रयोग काटेकोर पाहता चूकच आहे. आपण विस्तव किंवा वीज देत नाही तेव्हा ती उष्णता हवेतून आणि आपल्या डोक्यातून घेतली जाते, व म्हणूनच ओल्या केसांनी बसले की डोके गार पडते. या गारव्याचा आम्ही पुढे मोठा उपयोग करून घेतला; तो सांगेनच.

हवेत वाफ सामावून घेण्याची शक्ती तिच्या तपमानावर अवलंबून असते. चाळीस अंश सेल्सियसला एका घनमीटर हवेत सुमारे ५१ ग्रॅम वाफ राहू शकते. वीस अंशाला अवघी १७ ग्रॅम. वैशाखात आपल्या वऱ्हाडातील हवा तापलेली, पण आत वाफ थोडी. ती केसांतील पाणी घटकेत ओढून घेते. श्रावणात तीच हवा वाफेने भरलेली असते. तिला आणखी घेण्यास जागा नसते. आपल्याकडे घरोघरी कूलर आहेत, त्यावरून ही परीक्षा सोपी होते. ज्या दिवशी कूलर चांगला गार करितो त्या दिवशी केसही चांगले वाळतात, आणि ज्या दिवशी कूलर लावून अंग चिकट होते त्या दिवशी केसांची आशा धरू नये. मात्र पुष्कळ मुली केस वाळविण्यासाठी कूलरच्याच पुढे बसतात. त्याचा वारा ओल्या वाळ्यातून किंवा लाकडाच्या भुशातून पाणी पिऊन आलेला असतो. तो तुमचे पाणी काय घेणार? कूलर बंद करून साधा पंखा लावावा आणि दार-खिडकी उघडी ठेवावी. पंखा हवा गरम करीत नाही. केसांभोवती साचलेली दमट हवा हटवून तेथे कोरडी आणितो, आणि तेवढे पुरते.

नाताळच्या दिवसांत हवा थंड, पण कोरडी असते. येथे एक फसवणूक आहे. केस गुंडाळून रात्री निजावे, सकाळपर्यंत वाळतील, असे सर्वांना वाटते. पण दुपारी व रात्री हवेतील वाफ जवळपास तेवढीच असली तरी रात्री तपमान उतरते, त्यामुळे तीच हवा दमट ठरते. पहाटे हरभऱ्यावर दव पडते ते याचमुळे. डिसेंबरात दुपारी दोन ते पाच या तीन तासांत जे काम होते ते कधीकधी सबंध रात्रीत होत नाही. शिवाय ओल्या केसांनी रात्रभर निजणे बरेही नव्हे. २०११ साली कोरियातील संशोधकांना असे आढळले की, पंधरा सेंटीमीटर अंतरावरून सतत हलता ठेवलेला यंत्राचा गरम वारा केसाच्या पृष्ठभागाला काही इजा करितो. पण नुसत्या हवेवर वाळविलेल्या केसांच्या आतील थराला, तो फार वेळ ओला राहिल्यामुळे, वेगळीच इजा होते. म्हणजे माझ्यासारख्या यंत्राच्या वैऱ्यालाही येथे थोडे नमते घ्यावे लागले. पाणी गुंडाळण्यापूर्वीच जितके काढता येईल तितके काढणे, हा त्यावरचा उपाय.

आणि येथे आपल्या आज्या शहाण्या ठरतात. न्हाणे झाल्यावर त्या केस पिळीत नसत, घाशीत नसत. पातळ सुती पंच्यात गुंडाळून दाबीत, मग पंचा बदलून पुन्हा दाबीत. बाळंतिणीला न्हाऊ घातल्यावर ऊद टाकून धुरी देत, तिची ऊबही हाताला सोसेल इतकीच असे. चिमट्याची गोष्ट वेगळी. ओल्या केसाला १२५ अंशांच्या पलीकडील उष्णता थेट लागली तर आतील पाण्याची जागच्या जागी वाफ होते व तिला बाहेर पडण्यास वाट नसते. केसाच्या पोटात फुगे धरतात आणि तेथे तो तुटतो. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस मी पाहिला आहे, शाळेतल्याच सूक्ष्मदर्शकाखाली. तो कोणाचा होता हे आता सांगावयास नको.

काही पालकांचा या कुरळ्या बटांनाच आक्षेप असतो. ही सिनेमाची हौस, असे ते म्हणतात. त्यांनी एकदा अजिंठ्यास जावे. तेथील सोळावे लेणे वत्सगुल्माच्या वाकाटक राजा हरिषेण याच्या वराहदेव नामक मंत्र्याने कोरविले, आणि सतराव्या लेण्यात आरसा घेऊन शृंगार करणाऱ्या राजस्त्रीचे चित्र प्रसिद्ध आहे. त्या भिंतींवरील स्त्रियांच्या कपाळावर बारीक वळलेल्या बटा जागोजाग दिसतात. ‘अमरकोशा’त अशा बटांना ‘अलक’ म्हटले असून ‘चूर्णकुंतल’ हा त्याचा पर्याय दिला आहे. हौस फार जुनी आहे, आणि आपल्याच राजधानीची आहे.

यंदाच्या संमेलनात आम्ही काय केले ते सांगते. मुलींनी सकाळी न्हाऊन केस पंच्याने दोनदा टिपले आणि अर्धे वाळू दिले. निथळत्या केसांची गुंडाळी केली तर वरचा थर वाळतो व आतला ओलाच राहतो. सोडताच बट लोंबते. दुपारी दोनच्या सुमारास, जेमतेम ओलसर असलेल्या केसांच्या बोटभर रुंदीच्या बटा करून त्या गुंडाळल्या. जाड बट कधीही वेळेवर वाळत नाही. रोलर जाळीचे घेतले, म्हणजे आतूनही वारा लागतो. जिला ते पुरले नाहीत तिला जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या दिल्या, आणि खरे म्हणजे चिंध्यांनी अधिक चांगले काम केले, कारण सूत स्वतः पाणी शोषते. मग वर्गात पंखा लावून सर्वजणी संवाद म्हणत बसल्या. मानेवरच्या गुंडाळ्या सर्वांत शेवटी वाळतात, कारण तेथे वारा पोहोचत नाही. त्यासाठी मुली मधून मधून पंख्याकडे पाठ करून बसत.

केस वाळला हे ओळखावे कसे? हाताला तो पुष्कळदा उगाच कोरडा लागतो. येथे मघाच्या गारव्याची आठवण करावी. गुंडाळी गालाला लावून पाहावी. ती गार लागली तर पाणी अजून उडत आहे. शेजारच्या बाकाएवढीच कोमट-थंड लागली तर पाणी संपले. मी हे तपमानमापकाने पडताळून पाहिले, पण गाल अधिक जलद सांगतो.

ही परीक्षा करण्याचे काम यंदा ज्या मुलीने मागून घेतले ती आता दहावीत आहे. तिची कपाळावरची बट वीतभर वाढली आहे व अजून वेणीत येत नाही. ती काट्याने मागे बसवावी लागते. पाच वाजता तिने एकेकीची गुंडाळी आपल्या गालाला लावून पाहिली, आणि तीन मुलींना गुंडाळ्या सोडू न देता पुन्हा पंख्याखाली नेऊन बसविले. बाहेर पाहुणे येऊन बसले होते. मुख्याध्यापिकांनी दोनदा माणूस पाठविला. पडदा वीस मिनिटे उशिरा उघडला, आणि उशिराचे कारण विचारण्यात आले तेव्हा ते मी सांगितले.