मनीचा रुबाब, लॅब्राडॉरची माघार

प्रश्न : आमची 4 किलोची मनी शेजाऱ्यांच्या 30 किलोच्या लॅब्राडॉरला पंजा उगारून मागे हटवते. एवढीशी असून ती घाबरत कशी नाही? – एक वाचक, नोएडा

उत्तर : ती घाबरतेच. पाठीची कमान, फुललेली शेपटी, फिस्कारणं ही भीतीचीच चिन्हं आहेत. मांजराचे पूर्वज, म्हणजे आफ्रिकी रानमांजरं, एकट्याने शिकार करत. जखमी झाल्यास अन्न आणून देणारं कुणी नसे. म्हणून मारामारी टाळण्यासाठी आधी मोठं दिसायचं, नखं नंतर. कुत्रा लांडग्यांच्या कळपातून आलेला. समोरच्याचा नूर ओळखून माघार घेणं त्याला जमतं. त्यातून लॅब्राडॉर स्वभावानेच सौम्य.

पण या भरवशावर मनीला खाली सोसायटीत मुळीच सोडू नका. दिल्ली परिसरातले रस्त्यावरचे कुत्रे टोळीने फिरतात आणि पळणाऱ्या मांजराचा पाठलाग करतात. तिथे हा रुबाब चालत नाही. घरात तिला कपाटाच्या माथ्यासारखी उंच जागा द्या. शेजारचा कुत्रा आला तर पट्टा बांधूनच येऊ दे, कारण नखाचा ओरखडा त्याच्या डोळ्याला लागू शकतो. नोएडा प्राधिकरणाच्या 2022च्या धोरणानुसार कुत्र्यांप्रमाणे मांजरांचीही नोंदणी सक्तीची आहे. ती आणि रेबीजची लस राहिली असेल, तर याच आठवड्यात उरकून घ्या.