एक्सल बदलला आणि तेल गळू लागलं

प्रश्न : माझ्या मॅन्युअल गिअरच्या हॅचबॅकचा डावा एक्सल आठवड्यापूर्वी बदलला. तेव्हापासून पार्किंगमध्ये तेलाचे थेंब पडतात. मेकॅनिक म्हणतो, सांडलेलं तेल आहे, थांबेल. खरं का?
– एक वाचक, स्वारगेट

उत्तर : दोन-तीन दिवस खरं होतं. एक्सल ओढला की गिअर ऑइल सांडतंच. आठवड्यानंतर मात्र मला संशय ऑइल सीलचा. एक्सलचे दाते सीलच्या रबरी कडेवर घासले की केसाएवढी चीरही पुरते. जुनंच सील ठेवलं असेल तर बोलायलाच नको!

थेंब बोटावर घेऊन हुंगा. गंधकासारखा उग्र वास आला तर गिअर ऑइल. आधी गिअरबॉक्सची लेव्हल तपासून घ्या. ती कमी असताना गाडी पळवू नका. मग खालची बाजू ब्रेक क्लीनरने कोरडी करून कात्रजपर्यंत एक फेरी मारा आणि रात्री खाली पुठ्ठा ठेवा. वाऱ्याने तेल मागे पसरतं, म्हणून थेंब कुठे पडला यापेक्षा सगळ्यात वरची ओली जागा कुठली ते पाहा. एक्सलच्या तोंडाशीच ओल असेल तर नवं सील, कडेला तेल लावून, सरळ बसवून घ्या. एक्सल ‘टक्’ आवाज करून पूर्ण आत गेला का, तेही विचारा. ड्रेन प्लगशी ओल असेल, तर नवा वॉशर टाकून काम भागतं.